अंगणातील झाड आणि नगराचा इतिहास

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की छत्रपती संभाजीनगरातील रोपवाटिकांच्या दाराशी कुटुंबेच्या कुटुंबे दिसू लागतात. कुणाला मोगरा हवा असतो, कुणाला आंब्याचे कलम. रोप विकत घेणे ही तशी किरकोळ बाब. परंतु या नगराचा इतिहास चाळला असता, आपल्या अंगणात कोणते झाड येते यामागे राज्यकर्ते, प्रवासी, शास्त्रज्ञ आणि सामान्य गृहस्थ या सर्वांचा हात असल्याचे आढळते.

मूळच्या हबशी असलेल्या मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी नगर वसविले आणि डोंगरातील पाणी भूमिगत नहरींनी आत आणले. पुढे १६५३ मध्ये औरंगजेबाने त्यास औरंगाबाद हे नाव दिले. त्या पाण्याच्या बळावर या कोरड्या पठारावर बागा फुलल्या. दिल्ली दरवाजाजवळील हिमायत बाग ही त्या मोगल काळाची खूण. आज तेथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र असून तेथील कलमे शेतकऱ्यांच्या व नागरिकांच्या घरी जातात. राजाची बाग अशा रीतीने प्रजेच्या परसात पोहोचली.

मात्र 'देशी' कोणास म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. मराठवाड्याच्या खडकाळ टेकड्यांवर आपोआप वाढणारे सीताफळ नावाने सीतामाईचे, पण मूळचे अमेरिका खंडातील. चिंच आफ्रिकेतून आली, गुलमोहर मादागास्करचा. झेंडूवाचून आपला दसरा होत नाही, पण तोही मेक्सिकोचाच. पाहुण्यास हाकलावे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि पाहुण्यांच्या गर्दीत घरच्या माणसास ओसरीही उरू नये, हे बरे नव्हे.

तसे काही अंशी घडले. १९५० मध्ये कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. महाराष्ट्रात १९८२ पासून सामाजिक वनीकरणाचे काम स्वतंत्रपणे चालू झाले. सरपण व चारा लवकर मिळावा हा हेतू चांगलाच होता; परंतु लवकर वाढणाऱ्या सुबाभूळ आणि निलगिरी यांचाच बोलबाला झाला. बहावा, पळस, कांचन ही येथील मंडळी मागे पडली. विकणाऱ्याने जे ठेवावे तेच घेणाऱ्याने लावावे आणि घेणाऱ्याने जे मागावे तेच विकणाऱ्याने ठेवावे, असे हे चक्र आहे.

हे चक्र ओळखीनेच मोडते. ती ओळख करून देण्यात दोन येशूसंघीय धर्मगुरूंचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात स्विस फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७-१९३४) यांनी आरंभिलेला वनस्पतिसंग्रह आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. स्पेनहून आलेले फादर सांतापाव (१९०३-१९७०) यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालकपद भूषविले आणि १९६७ मध्ये पद्मश्री मिळविली. परदेशात जन्मलेल्या या माणसांनी आमच्या रानातील झुडपांना नावानिशी ओळखले. आम्ही मात्र दारातल्या झाडाचे नाव विचारत नाही!

हा केवळ आवडीनिवडीचा विषय नव्हे. कढीलिंबाच्या पानांवर फुलपाखरे अंडी घालतात, पळसाच्या मधासाठी मैना व सूर्यपक्षी जमतात. शोभेच्या कित्येक परदेशी झाडांची पाने येथील अळ्यांना खाता येत नाहीत. अळी नाही तर फुलपाखरू नाही आणि पिलांना चारा नाही. शिवाय वारंवार अवर्षण सोसणाऱ्या आमच्या प्रदेशात, येथील उन्हाशी पिढ्यान्‌पिढ्या जुळवून घेतलेले झाड एकदा मूळ धरले की थोड्या पाण्यावर तग धरते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. उन्हाळ्यात पळसाच्या आणि बहाव्याच्या वाळलेल्या शेंगा मुलांकडून गोळा करवून घ्याव्यात. बहाव्याच्या बियांचे कवच कठीण असते. ते जरासे घासून बी पेरावे. पाऊस येताच मंदिराच्या आवारात ती रोपे अल्प किमतीत मांडावीत आणि प्रत्येक रोपासोबत त्याचे नाव व गुण लिहून द्यावेत. ज्यांचे अंगण लहान त्यांनी पारिजातक, अडुळसा वा तगर न्यावी. मोठी झाडे भिंतीपासून दूर लावावीत. राजांच्या बागा पाहण्यास आपण तिकीट काढून जातो. या नगराची पुढची बाग मात्र घरोघरच्या अंगणांतूनच उभी राहावयाची आहे.