पॉली मरेची टिपणं

मैत्रिणींनो, गोचीड आपल्याला माहीत ती गुरांच्या अंगावरची. अमेरिकेत जंगलाकडेला खसखशीच्या दाण्याएवढी बारीक गोचीड असते. ती चावून होणाऱ्या आजाराला कनेक्टिकट राज्यातल्या एका गावाचं नाव पडलंय, लाइम. त्याचा शोध लागला तो एका आईमुळे.

पॉली मरे. चार मुलांची आई. वर्षानुवर्षं तिचे सांधे सुजायचे, अंगावर चट्टे उठायचे, थकवा जाईना. पुढं मुलांनाही तेच. डॉक्टरांना काही सापडेना, म्हणून सगळं मनाचं आहे असं तिला सांगितलं गेलं. (हे आपल्यातल्या कुणी ऐकलेलं नाही?) पण ती लिहीत राहिली : कुणाला, कधी, काय झालं. शेजारपाजारच्या आजाऱ्यांचंही.

१९७५ साली तिनं सरकारी आरोग्य खात्याला कळवलं. दुसऱ्या एका आईनंही कळवलं. मग येल विद्यापीठाचे डॉ. ॲलन स्टीअर यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि त्या भागात हिंडून ५१ रुग्ण शोधले. त्यांतली ३९ मुलं होती. गोचिडीतला जंतू विली बर्गडॉर्फर यांना सापडला, १९८२ साली ते जाहीर झालं.

आता दोन-चार आठवड्यांच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी बहुतेक जण बरे होतात. काहींचा थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतो. का, यावर डॉक्टरांत अजून वाद आहे. त्याच गोळ्या लांबवून पाहिल्या. टिकाऊ गुण आला नाही, काहींना अपायच झाला. मग असे रुग्ण सांध्यांच्या, मज्जातंतूंच्या मोठ्या डॉक्टरांकडे जातात, दुसराच काही आजार नाही ना हे बघायला. तिथं पहिला प्रश्न असतो : कधीपासून, आणि काय काय होतं?