डोळ्याचा श्वास

परवा भाचीचा फोन. "मावशी, लेन्स घालूनच झोपलं तर चालेल ना? दुकानदार म्हणाला, नव्या लेन्समधून हवा जाते." माझ्या बुबुळाच्या कडेला लेन्समुळेच उगवलेल्या लाल रेषा आहेत, तेव्हा उत्तर द्यायचा हक्क मला आहेच!

मऊ लेन्सची गोष्ट मोठी गोड आहे. प्रागचे रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टरले. 1958 साली राजकीय कारणांवरून त्यांना संस्थेतून काढलं. 1961 च्या नाताळात या गृहस्थांनी घरीच मुलांचा मेकॅनोसारखा खेळ आणि सायकलचा डायनामो जोडून यंत्र केलं आणि त्यावर लेन्स ओतल्या. 1971 साली अमेरिकेने विक्रीला परवानगी दिली.

डोळ्याला टोचेना, पण त्याचा श्वास अडला. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तर तो पारदर्शक. प्राणवायू त्याला मुख्यतः हवेतून, अश्रूंत विरघळून मिळतो. जुन्या लेन्समधून तो जेमतेम जाई. त्यात झोपेत पापणी मिटलेली. मग कॉर्निया सुजतो, आणि हे वर्षानुवर्षं चाललं की कडेच्या रक्तवाहिन्या आत सरकू लागतात. माझ्या रेषा त्याच.

तरीही 1981 साली अमेरिकेत सलग 30 दिवस लेन्स ठेवायला मान्यता मिळाली. 1989 साली तिथलेच आकडे आले: फक्त दिवसा घालणाऱ्या दहा हजारांत वर्षाला सुमारे 4 जणांना कॉर्नियाचा व्रण, रात्रीही ठेवणाऱ्यांत सुमारे 21. मुदत सात दिवसांवर आली.

1999 च्या सुमारास सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स आल्या. त्यांतून प्राणवायू खरंच भरपूर जातो, म्हणजे दुकानदार खोटं बोलला नाही. सगळ्यांना वाटलं, सुटला प्रश्न! पण 2008 साली ऑस्ट्रेलिया आणि लंडनमधल्या अभ्यासांत दिसलं, की रात्री लेन्स ठेवली तर जंतुसंसर्गाचा धोका याही लेन्सने कमी होत नाही. मिटल्या पापणीआड लेन्सखालचे अश्रू बदलत नाहीत, जंतू तिथेच मुक्काम ठोकतात. गुदमरणं आणि संसर्ग हे दोन वेगळे शत्रू निघाले.

भाचीला एवढंच सांगितलं: झोपताना काढ, नळाचं पाणी लावू नकोस, डोळा लाल झाला किंवा दुखला तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

"हो गं" म्हणाली. मीही तिच्या वयात असंच "हो" म्हणाले होते. असो.