२४ मार्च २०१५ : कलम ६६ अ रद्द

आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात या दिवशी घटनाबाह्य ठरवले. फेसबुकवरील मजकुरावरून २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना झालेली अटक या लढ्याच्या मुळाशी होती. निकाल योग्यच होता. मात्र पाठवणारा कोण याबद्दल दिशाभूल करणारा ईमेल गुन्हा ठरवणारे उपकलमही याच कलमात होते, तेही गेले. नकोशा जाहिरातींच्या ईमेलविरुद्ध स्वतंत्र कायदा आपल्याकडे झालाच नाही. दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८चे नियम कॉल आणि एसएमएसपुरते. मात्र तोतयेगिरीने फसवणाऱ्याला याच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड नुसार ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अहिल्यानगर जिल्ह्यातही अशा फसव्या ईमेलमुळे पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवावी.