'यू'विना 'क्यू'

इंग्रजी स्पेलिंगचे जे थोडे नियम आपण वर्गात निःशंकपणे सांगतो, त्यांपैकी एक म्हणजे 'क्यूनंतर यू येतोच'. क्वीन, क्विक, क्वेश्चन ही उदाहरणे फळ्यावर लिहिली की मुलांना नियम पटतो. पण स्क्रॅबल खेळणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती क्यूची सोंगटी येते आणि यू मिळत नाही, तेव्हा तो शब्दकोश चाळू लागतो आणि त्याला अपवाद सापडतात. हे अपवाद म्हणजे कोशकारांची लहर नव्हे. नियम आणि अपवाद यांचा इतिहास एकाच अक्षरातून सुरू होतो.

सुमारे ३००० वर्षांपूर्वी फिनिशियन लोकांच्या लिपीत 'कोफ' नावाचे अक्षर होते. साध्या 'क'साठी त्यांच्याकडे वेगळे अक्षर होते. कोफ हा पडजिभेजवळून उच्चारला जाणारा खोल 'क' होता. ही लिपी ग्रीकांनी उचलली. त्यांच्या भाषेत हा खोल ध्वनी नव्हता. त्यामुळे त्यांचा 'कॉप्पा' काही काळ ओ आणि यू या स्वरांपूर्वी लिहिला गेला आणि पुढे वर्णमालेतून गळाला. कोरिंथ शहराच्या जुन्या नाण्यांवर मात्र तो आद्याक्षर म्हणून दिसतो, आणि ९० या संख्येचे चिन्ह म्हणूनही तो टिकून राहिला.

इटलीतील एट्रुस्कन लोकांमार्फत हे अक्षर रोमनांकडे पोचले. तेथे 'क'साठी सी, के आणि क्यू अशी तीन अक्षरे जमा झाली. रोमनांनी क्यू हे अक्षर 'क्व' या उच्चारापुरते राखून ठेवले. क्यू आणि यूची जोडी जमली ती येथे.

इंग्रजीत ही जोडी उशिरा आली. जुन्या इंग्रजीत राणीला 'क्वेन' म्हणत आणि तो शब्द सी या अक्षराने सुरू करीत. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच वळणाचे लेखनिक आले. त्यांनी अस्सल इंग्रजी शब्दही क्यू-यूने लिहिले, आणि सवयीचा नियम झाला.

आता अपवाद पाहू. फिनिशियन कोफचाच भाऊबंद अरबी लिपीत 'काफ' या नावाने नांदतो आहे, आणि त्याचा खोल उच्चारही टिकून आहे. अरबी शब्द रोमन लिपीत नेमकेपणाने लिहिताना विद्वानांनी या काफसाठी क्यू वापरला. त्यामुळे क्यू-ए-टी म्हणजे येमेनमध्ये चघळला जाणारा उत्तेजक पाला. क्यू-ए-डी-आय म्हणजे न्यायाधीश, आपला काझी. क्यू-आय-बी-एल-ए म्हणजे नमाजाची दिशा. क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे उताराचा उपयोग करून भूजल वाहून नेणारा भुयारी कालवा. कव्वालीही इंग्रजीत अशीच क्यूने लिहितात. म्हणजे या शब्दांत क्यू आपल्या मूळ ध्वनीकडे परतला आहे.

एस्किमो-इन्युइट भाषांतही खोल 'क' आहे. कस्तुरी बैलाच्या मऊ लोकरीचे 'किव्हियुट' हे नाव म्हणून क्यू-आयने सुरू होते.

चिनी शब्दांची गोष्ट निराळी. १९५८ मध्ये चीनने रोमन अक्षरांतील 'पिनयिन' लेखनपद्धती स्वीकारली. तीत क्यू हे अक्षर 'छ'च्या जवळच्या ध्वनीला दिले गेले. प्राणशक्ती या अर्थाचा क्यू-आय हा शब्द म्हणून 'ची' असा उच्चारतात. २००६ मध्ये तो अमेरिकी स्क्रॅबलच्या शब्दसूचीत आला. १०० सोंगट्यांत क्यूची एकच आणि ती १० गुणांची, त्यामुळे दोन अक्षरांचा हा शब्द खेळाडूंना फार मोलाचा वाटतो.

मराठीतही असेच घडले आहे. कायदा, किल्ला, कलम, कबूल, कुलूप, किंमत या सर्व शब्दांचा मूळ अरबी आरंभ काफने होतो. फारसीमार्गे ते आपल्याकडे आले तेव्हा मराठीत तो ध्वनी नसल्याने साधा 'क' झाला. ग्रीकांनी जे केले, तेच आपणही केले.

वर्गात हा प्रयोग करून पाहावा. मोठ्या इंग्रजी शब्दकोशातून यूविना क्यू असलेले दहा शब्द मुलांना शोधायला सांगावे आणि कोशात दिलेल्या व्युत्पत्तीनुसार त्यांचे गट पाडावेत. बहुतेक शब्द अरबी-हिब्रू आणि चिनी गटांत जातील. 'क्वर्टी' मात्र कोणत्याही भाषेतून आलेला नाही. टंकयंत्राच्या वरच्या ओळीतील पहिल्या सहा कळांवरून तो बनला. त्यानंतर नियम पुन्हा सांगावा, पण पुरा : लॅटिन आणि फ्रेंच वळणाने लिहिलेल्या शब्दांत क्यूनंतर यू येतो. अपवाद आढळला, तर तो शब्द कुठून आला हे विचारावे.