जुन्या फोक्सवॅगन कॅम्परचे नूतनीकरण

जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीने १९५० साली ‘टाइप २’ व्हॅनचे उत्पादन सुरू केले. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया कंपनीने तिच्यात झोपण्या-राहण्याची सोय करून दिली. छोट्या कॅम्पर व्हॅनची ओळख जगाला झाली ती प्रामुख्याने या गाडीमुळे.

अशी जुनी गाडी घेणाऱ्यांचे लक्ष प्रथम गाद्या-पडद्यांकडे जाते. वास्तविक आरंभ गंजापासून व्हावयास हवा. चाकांवरील कमानी आणि दारांखालचा पत्रा येथे तो रंगाआड दडलेला असतो. त्याहून गंभीर धोका इंधनाच्या रबरी नळ्यांचा. १९७९ पर्यंतच्या जर्मन बनावटीच्या गाड्यांत हवेने थंड होणारे इंजिन मागील बाजूस असते. नळी तडकून पेट्रोल त्यावर गळले, तर गाडी पेटू शकते. या नळ्या अगदी स्वस्त असतात. तरीही नेमक्या त्याच बदलायच्या राहून जातात. शेगडीच्या गॅसनळीलाही हाच नियम लागू. दिवे व शीतपेटीसाठी स्वतंत्र बॅटरी असणे इष्ट.

जर्मनीत किमान ३० वर्षे जुन्या, सुस्थितीतील वाहनास ‘एच’ क्रमांकपट्टी व करात सवलत मिळू शकते. मात्र वाहन बऱ्याच अंशी मूळ स्वरूपात असावे लागते. नवे इंजिन बसविण्याचा निर्णय म्हणूनच ही तपासणी विचारात घेऊन करावा लागतो.