भूक, विचार आणि सिंहासन

फ्रान्सची राजसत्ता तत्त्ववेत्त्यांनीं उलथली कीं भुकेनें, हा वाद इतिहासकारांत फार दिवस चालत आला आहे. आमच्या मतें हा प्रश्न असा दुभंगून विचारणेंच युक्त नाहीं.

प्रथम तत्त्ववेत्त्यांकडे पाहूं. माँतेस्क्यूचा कायद्यांचें मर्म सांगणारा ग्रंथ १७४८ सालीं व रूसोचा सामाजिक करारावरील ग्रंथ १७६२ सालीं प्रसिद्ध झाला. परंतु माँतेस्क्यूस राजा नको होता असें नव्हे. तो कायद्यानें बांधलेला हवा होता. व्हॉल्टेअरची भिस्त सुज्ञ राजावरच होती. तो व रूसो दोघेही १७७८ सालींच निवर्तले.

बरें, दुःख म्हणावें तर तेंही नवें नव्हतें. धर्मगुरु व सरदार या वरच्या दोन वर्गांस करांत मोठी सूट असे; शेतकरी मात्र राजास कर, चर्चला दशांश आणि जमीनदारास त्याचे हक्क देऊन रिता होई. ब्रिटनी प्रांतांत स्वस्त मिळणारें मीठ शेजारच्या प्रांतांत करामुळें कित्येक पट महाग पडे. १७०९ सालच्या भयंकर हिंवाळ्यानें व दुष्काळानें लक्षावधि माणसें दगावलीं. तरी चौदाव्या लुईचें सिंहासन हाललें नाहीं.

मग १७८९ सालीं निराळें काय घडलें? अमेरिकेच्या युद्धापायीं कर्ज वाढून उत्पन्नाचा सुमारें अर्धा भाग त्याच्या फेडींतच जाऊं लागला होता. १७८८ च्या गारपिटीनें पीक बुडून पाव महागला. निरुपाय होऊन सोळाव्या लुईनें १६१४ नंतर न भरलेली इस्टेट्स जनरल ही वर्गसभा बोलाविली व प्रजेचीं गाऱ्हाणीं लेखी मागविलीं. खेड्यापाड्यांच्या त्या गाऱ्हाण्यांत रूसोचें नांव शोधून सांपडणें कठीण. तेथें मीठ, दशांश आणि सरदारांच्या शिकारीपायीं नासलेलीं शेतें आहेत. तथापि आजवर दैव म्हणून जें सोसलें, तेंच आतां अन्याय म्हणून कागदावर उतरलें. हा पालट विचारांचा होय. तिसरा वर्ग म्हणजेच राष्ट्र, असें सिएसनें त्याच वर्षीं सांगितलें आणि १७ जूनला त्या वर्गानें स्वतःस राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केलें. भुकेनें बळ दिलें. विचारानें त्या बळास दिशा दिली.

पण विचार एकदां उच्चारला कीं तो उच्चारणाऱ्याच्या सोयीपुरता राहत नाहीं. २६ ऑगस्ट १७८९ रोजीं सर्व माणसें हक्कांनीं समान ठरलीं. १७९१ च्या राज्यघटनेनें मात्र मताचा हक्क ठराविक कर भरणाऱ्या पुरुषांपुरताच ठेविला. त्याच वर्षीं राजाचें पलायन फसून त्याच्यावरचा विश्वासही उडाला. १० ऑगस्ट १७९२ रोजीं ट्विलरी राजवाड्यावर जो जमाव चालून गेला, त्यांत हे मतहीन लोकही होते. २१ सप्टेंबरला राजपद रद्द झालें. स्त्रियांसाठीं तोच हक्क मागणाऱ्या ओलँप द गूज हिला मात्र १७९३ सालीं गिलोटिनखालीं मरावें लागलें.

राजासमोर धरलेलें समतेचें माप आपल्यासमोरही धरलें जाईल, हें पुढाऱ्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. सिंहासन उलथणें त्यांस साधलें. तें माप सर्वांस सारखें लावणें साधलें नाहीं. त्या क्रांतीचें अपुरें राहिलेलें कार्य आम्हांस येथेंच दिसतें.