वाकळेच्या पोटात

गेल्या वैशाखात लातूरकडच्या मुरुडच्या घरी आईनं माळवदावर एक जुनी वाकळ उसवायला काढली. कडा विरल्या होत्या, एका कोपऱ्यात उंदरानं कुरतडलं होतं. "आता ही धुण्याजोगी राहिली नाही, पोटात घालायची," ती म्हणाली. पोटात घालायची म्हणजे नव्या गोधडीच्या आत भर म्हणून. मी ब्लेड घेऊन टाके कापायला बसले. वरचा थर टेरिकॉटच्या शर्टांचा आणि परकराच्या तुकड्यांचा. त्याखाली हिरवी इरकल, काठ काढून घेतलेली. त्याखाली धोतर, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. मला वाटलं, संपलं. पण धोतराखाली हाताला पुन्हा टाके लागले. आत दुसरी वाकळ होती. हिचे टाके बारीक, एकमेकांना चिकटून गेलेले. तिच्या वरच्या अंगाला मांजरपाट, आणि मधोमध पिठाच्या पोत्याचं जाड कापड. त्यावरची निळी अक्षरं इतकी फिकटली होती की एखाद-दुसरंच ओळखू यावं.

"ही माझ्या सासूच्या सासूची असणार," आई म्हणाली. म्हणजे माझ्या पणजीची. चार पिढ्या त्या घरात निजल्या, आणि खालचं अंथरूण पिढीगणिक एकेका थरानं जाड होत गेलं. त्या दिवसापासून मी ह्या वस्तूचा माग काढते आहे.

शब्दापासून सुरुवात केली. 'वाकळ' हा शब्द कोशकार 'वल्कल' ह्या संस्कृत शब्दाशी जोडतात. झाडाच्या सालीचं वस्त्र, प्राकृतात 'वक्कल', आणि मग आमच्या तोंडची 'वाकळ'. रानातल्या तपस्व्याच्या अंगावरचं नाव शेतकऱ्याच्या अंथरुणाला लागलं. लहान लेकराचं ते दुपटं, म्हणजे दोन पदरांचं. घडी वाढली की चौघडी. नेसून जुनं झालेलं लुगडं म्हणजे जुनेर. कापडाच्या उतरत्या वयाची इतकी नावं मराठीत आहेत, ह्याचं मला फार अप्रूप वाटतं. ज्या घरात कापड सहज टाकून दिलं जातं, तिथं असे शब्द जन्मत नाहीत.

मुरुडहून तासाभराच्या आत तेर गाठता येतं. गोरा कुंभारांचं तेर, आणि त्याआधीचं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या 'पेरिप्लस' ह्या समुद्रप्रवासाच्या माहितीपुस्तकात तगरचं नाव येतं. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे, आणि तिथून साधं जाडंभरडं कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडं जाते, असं त्यात नोंदलं आहे. मलमलीचा उल्लेख पुष्कळजण अभिमानानं करतात. माझं लक्ष त्या जाड्याभरड्या कापडावर खिळतं. दोन हजार वर्षांपूर्वी हा मुलूख जगाला साधं कापड पुरवत होता. ते अंगावर झिजल्यावर त्याचं काय होत असेल? कापूस-सूत मातीत टिकत नाही. तेरच्या संग्रहालयात हस्तिदंती बाहुली बघायला मिळते, तिच्या काळची चिंधी मिळत नाही.

चिंध्या जोडण्याची विद्या मात्र तेवढी जुनी आहे, ह्याला लेखी आधार आहे. बौद्ध भिक्षूंनी उकिरड्यावरचे, स्मशानातले तुकडे धुऊन, जोडून चीवर करावं, अशी प्रथा होती. विनयपिटकातली एक गोष्ट मला फार आवडते. मगधातली बांध घातलेली शेतं दाखवून बुद्धांनी आनंदाला विचारलं, ह्या शेतांसारखी चीवराची रचना तुला करता येईल का? आनंदानं ती केली. चौकोनी तुकडे, मध्ये बांधासारख्या पट्ट्या. आमच्या माळवदावरून खाली बघितलं तर पेरणीआधीची रानं तशीच दिसतात.

पुढं नाथपंथी जोग्याची ठिगळांची कंथा आली. कर्जतचे गोदड महाराज तर गोधडीच्याच नावानं ओळखले गेले. आणि अगदी अलीकडं, शेणगावात १८७६ साली जन्मलेले डेबूजी चिंध्या जोडलेलं वस्त्र अंगावर घालून गावोगाव झाडू मारत फिरले. लोक त्यांना गाडगेबाबा म्हणत तसंच गोधडेबुवाही म्हणत. गरिबाचं पांघरूण त्यांनी दिवसाढवळ्या अंगावर घेतलं आणि ते घेऊन लोकांपुढं उभे राहिले.

मुरुडच्या उत्तरेला अंबाजोगाई. तिथं एक वस्तू आहे, जी ह्या मागोव्यात मला टाळता येत नाही: दासोपंतांची पासोडी. पासोडी म्हणजे जाड सुती पांघरूण, घरोघरचं. दासोपंतांनी (१५५१ ते १६१५) 'पंचीकरण' हा ओवीबद्ध ग्रंथ कागदावर न लिहिता अशा कापडावर लिहिला. सुमारे चाळीस फूट लांब, चार फूट रुंद. ओव्यांच्या मध्ये आकृत्या आखलेल्या. पंचमहाभूतं एकमेकांत कशी मिसळून देह होतो, ह्याचं निरूपण, आणि तेही निजताना अंगावर घ्यायच्या वस्त्रावर. असं कापड त्यांनी का निवडलं असेल, ह्याचा विचार मी पुष्कळ केला. पांघरुणाशी माणसाची जितकी जवळीक असते तितकी पोथीशी नसते, एवढंच मला सुचतं.

पण ही सगळी वाकळेची लांबची नाती. चौकोन, त्रिकोण, लाल-निळ्या-पिवळ्या तुकड्यांची जी गोधडी आपण डोळ्यांपुढं आणतो, ती इतकी प्राचीन असेल असं मला वाटत नाही. माझं मत स्पष्ट सांगते. ज्या घरात माणशी दोन धडुती, त्या घरातून सात थरांची वाकळ निघणार कुठून? शेतकरी निजत होता घोंगड्यावर. वाकळेला भरपूर जुनं कापड लागतं, आणि भरपूर जुन्याच्या आधी भरपूर नवं लागतं. ते आणलं गिरण्यांनी.

बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ १९११ साली लातूरला पोहोचले. निजामाच्या मुलखातला कापूस त्या छोट्या डब्यांतून कुर्डुवाडीकडं जाऊ लागला आणि सोलापूर, बार्शी, मुंबईच्या गिरण्यांचं कापड लातूरच्या आडतीवर येऊ लागलं. जिथून कधीकाळी गाड्या भरून कापड बाहेर गेलं, त्याच पट्ट्यात आता कापूस जाऊन कापड परत येत होतं. मांजरपाट स्वस्त झाला. पाठोपाठ शिवणयंत्र आलं, आणि बाजारपेठेतल्या शिंप्याच्या पायाशी कातरण साठायला लागलं. ते कातरण फार महत्त्वाचं. तोवर वाकळ म्हणजे लुगड्याचे, धोतराचे मोठे धडपे एकावर एक, पांढरट, मातकट. कातरणानं तिला हातभर लाल दिला, वीतभर निळा दिला. शंकरपाळीसारखा तिरपा तुकडा हा शिंप्याच्या कात्रीचाच आकार. गळा आणि बाही बेतताना तो उरतो. आमच्याकडच्या बायांनी त्या उरलेल्या आकारातून नक्षी काढली.

ही नक्षी कशी ठरते, ते मी आईजवळ बसून बघितलं आहे. सारवलेल्या अंगणात खालचं लुगडं अंथरतात, चार कोपऱ्यांवर दगड ठेवतात. त्यावर थर. प्रत्येक थर तळव्यानं मधून कडेकडं सारत नेतात, कारण आत राहिलेली एक चुणी पुढं दहा वर्षं पाठीला टोचते. मग वरचे तुकडे मांडले जातात आणि इथं सगळ्यांत जास्त वेळ जातो. तुकडा ठेवायचा, दोन पावलं मागं सरून बघायचं, उचलायचा, दुसरीकडं ठेवायचा. "हे पिवळं इथं ओरडतंय," आई म्हणते आणि ते कडेला जातं. चित्रकार ह्याहून वेगळं काय करतो, मला कळत नाही. शेवटी काठाकडून आत, फेऱ्याफेऱ्यानं, धावदोरा. चार बाया चार बाजूंनी बसतात आणि पुढं सरकत सरकत मध्यावर एकमेकींच्या समोर येतात. तोवर बोलणंही तसंच फिरत फिरत आत गेलेलं असतं. सासरचं, आजारपणाचं, कुणाच्या न झालेल्या लेकराचं.

पहिल्या धुण्यानंतर दोरा आखडतो, कापड टाक्याटाक्याला फुगतं. त्या बारीक सुरकुत्यांत आणि थराथरांत हवा अडकून राहते, ती ऊब धरते. आमच्या घरी शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आज्जी भाकरीचा कुटका आत घालायची. उपाशीपोटी पांघरूण कुणाला ऊब देणार, असं तिचं म्हणणं. कर्नाटकात यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बाया आपल्या कवंदीच्या, म्हणजे गोधडीच्या, चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या त्रिकोणांचं फूल शिवतात. फुलावाचून कवंदी त्यांना उघडी वाटते. एकीला ती उपाशी वाटते, दुसरीला उघडी. दोघींच्याही मनात ती जित्ती आहे.

पणजीच्या वाकळेतलं पोत्याचं कापड कुठल्या सालचं, ते आईला सांगता आलं नाही. तिच्या स्वतःच्या आठवणीतली पोती १९७२ च्या दुष्काळातली. खडी फोडायला गेलेल्या बाया सुकडी घेऊन घरी यायच्या आणि रिकामं झालेलं कुठलंही पोतं हातचं जाऊ द्यायच्या नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीकडं भूकंपानं गावंच्या गावं गाडली. मुरुडपर्यंत हादरे बसले, आणि कित्येक रात्री आम्ही घराबाहेर गोधड्या टाकून निजलो. त्या दिवसांत आमच्या घरातल्या तीन गोधड्या तिकडच्या पाहुण्यांकडं गेल्या. त्या कधी परत मागायच्या नसतात.

मग सिंथेटिक साडी आली. ही ह्या कुळातली सगळ्यांत मोठी उलथापालथ, गिरणीच्या मांजरपाटाहूनही मोठी. ती विरत नाही, म्हणजे जुनेर होतच नाही. सुईखाली सरकते, घाम टिपत नाही, कडा सुटतात. पण रंग भडक आणि पक्के. गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या गोधड्या म्हणूनच लांबून चकाकतात आणि अंगावर गार लागतात. आई वर सिंथेटिक लावते, पण अंगाला लागणारी बाजू सुतीच ठेवते. हा तोडगा तिला कुणी शिकवलेला नाही.

जुनं कापड असं जोडणाऱ्या बाया दूरदेशीही आहेत. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या वंशजांची. तिथल्या बाया शेतावर झिजलेल्या पँटी, पिठाच्या पिशव्या जोडून रजया शिवत आल्या. एका चौकोनाभोवती दुसरा, त्याभोवती तिसरा, ह्या रचनेला त्या 'हाउसटॉप' म्हणतात. २००२ साली ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात ह्या रजया भिंतीवर लागल्या आणि कलासमीक्षक थक्क झाले. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. मला त्यातली एक गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते: प्रत्येक रजईखाली शिवणारीचं नाव होतं. जपानातल्या शेतकऱ्यांचं ठिगळांचं 'बोरो' कापडही असंच उशिरा संग्रहालयात गेलं. आपल्याकडं गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर अख्खं पुस्तक केलं, ही फार मोठी गोष्ट आहे. पुण्या-मुंबईत आता आजीच्या साड्यांची गोधडी शिवून देणारे व्यवसायही आहेत. पण मुरुडच्या पेठेत आजही मजुरीनं गोधडी शिवणारीला कापड आणून देणारा तिचं नाव विचारत नाही, आणि तिच्या हाताची गोधडी दुसऱ्या गावी गेली की ती कुणाची, हे सांगणारं काही उरत नाही. पणजीचं नाव मला त्या दुपारी, आईला विचारल्यावर कळलं. चंद्रभागा.

तिची वाकळ आम्ही पाण्यातून काढली, दोन दिवस उन्हात ठेवली. नव्या गोधडीच्या पोटात ती तशीच जाणार होती, टाके न उसवता. आई म्हणाली, "आता अंगाच्या बाजूला लावायला सुती कापड काढ." मी कपाट उघडलं. माझ्या बावीस साड्यांपैकी अठरा सिंथेटिक निघाल्या, तीन रेशमी. एक सुती होती, नांदेडच्या खादी भांडारातून घेतलेली, अजून पुरती मऊही न झालेली. ती मी बाहेर आणली. आईनं बोटांनी पोत बघितला, उजेडाकडं धरून विणीतून आरपार पाहिलं आणि घडी करून परत माझ्या हातात दिली.

"अजून पाच वर्षं नेस," ती म्हणाली. "मग बघू."